‘मन खंबीर तर गाठ विरघळते’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

स्तनाच्या कॅन्सरवरचा एक मेसेज सध्या लातूर-बीडकडच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: हा रोग मनात साठलेल्या दुःखातून होतो, खंबीर बाई औषधाविना बरी होते, सुई टोचली की गाठ पसरते, म्हणून पेशंटला रोगाचं नावच सांगू नये.

दुःखातून होतो? पेशींच्या जनुकांत बिघाड होतो तेव्हा गाठ वाढते. वाढतं वय, पाळी उशिरा जाणं, लठ्ठपणा, दारू यांनी धोका वाढतो; शंभरातल्या पाच-दहा जणींत बिघडलेलं जनुक वारशाने आलेलं असतं. सासुरवासाचा त्यात संबंध नाही. ‘मागच्या जन्मीचं पाप’ म्हणत बाया स्वतःला कोसतातच, मेसेजने त्याला फक्त शास्त्राचा मुलामा दिलाय.

खंबीरपणाचं जरा सविस्तर बघू, कारण यात थोडं तथ्य आहे. 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 578 रुग्ण स्त्रियांचा अभ्यास छापून आला. लढाऊ वृत्तीने आयुष्य वाढल्याचं त्यात दिसलं नाही; पार हतबल झालेल्यांची स्थिती मात्र वाईट राहिली. म्हणजे मनाने गाठ विरघळत नाही, पण आजाराबद्दल काय समजूत आहे यावर रोजचं जगणं ठरतं. हे का झालं, किती दिवस चालणार, यावर इलाज आहे का, याची जी उत्तरं बाईने मनाशी धरलेली असतात, त्यांवर तिची झोप, थकवा, भीती अवलंबून असते. ‘हात हलवला की टाके तुटतील’ असं वाटणारी बाई ऑपरेशननंतर हात छातीशी धरून बसते. खांदा आखडतो, मग वेणी घालायलाही लेक लागते. भिंतीवर बोटं चढवत हात वर न्यायचा साधा व्यायाम तिने डॉक्टरांना विचारून वेळेत सुरू करायला हवा होता. गाठ परत येऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या टॅमॉक्सिफेन या गोळीचंही तसंच. ती किमान पाच वर्षं रोज घ्यायची असते. ‘आता दुखत नाही, कशाला?’ म्हणून ती मध्येच सुटते. आणि ‘रडू नको, रोग वाढंल’ म्हणणाऱ्या घरात तिने रडायचं तरी कुठं?

सुईचं दोन वाक्यांत. तपासणीच्या सुईने रोग बळावत नाही आणि सुईने काढलेला गाठीचा तुकडा तपासल्याशिवाय कोणतं औषध लागू पडेल हे कळत नाही. ‘सोयाबीन निघू द्या, मग बघू’ यात आधीच उशीर होतो, त्यात ही भीती कशाला?

राहिलं नाव लपवणं. धाराशिवकडं ‘बार्शीला नेलंय’ (तिथं कॅन्सरचं हॉस्पिटल आहे) एवढ्यावरच लोक काय ते समजतात, बाईला समजत नसेल? नाव लपवलं की तिला विचारताही येत नाही. हा रोग उष्ट्यातून लागत नाही, केमोत गेलेले केस बहुतेक वेळा परत येतात, हे तिला कोणी सांगत नाही. ती गुपचूप ताट वेगळं करते आणि ‘माझ्यापायी वावर विकू नका’ म्हणून उपचारच नाकारते. स्तनाच्या कॅन्सरचे बरेचसे उपचार महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतात. आधार, रेशन कार्ड घेऊन आधी हॉस्पिटलातल्या योजनेच्या आरोग्यमित्राला, म्हणजे मदतनीसाला गाठा, आणि चौकशी करताना तिलाही सोबत उभं करा.