बुडायचं तर ऐसपैस बुडा

गेल्या महिन्यात माझा घराचा हप्ता दोन दिवस उशिरा गेला. बँकेच्या बाईंचे सकाळपासून सात फोन. पाचव्या फोनला त्यांनी 'सर' म्हणायचं सोडलं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की चूक माझीच, मी कर्ज फारच थोडं काढलंय. तुमच्या हातून हा गाढवपणा होऊ नये म्हणून अमेरिकेचा सव्वादोनशे वर्षांचा अनुभव इथे फुकट वाटतोय.

सुरुवात विल्यम ड्युअर यांच्यापासून करा. अर्थमंत्री हॅमिल्टन यांचे हे सहायक. नोकरी सोडली, ओळखी तेवढ्या ठेवल्या. रोखे आणि बँकेचे शेअर उचलायला पैसा कमी पडायला लागला, तसं त्यांनी दुकानदार, विधवा, बाजारात बसणाऱ्या बायका, जो भेटेल त्याच्याकडून चढ्या व्याजाने घेतलं. मार्च १७९२ मध्ये सगळं बसलं. ड्युअर आत, तुरुंगाबाहेर घेणेकऱ्यांचा जमाव, आणि उरलेलं बहुतेक आयुष्य कैदेतच गेलं. चुकलं कुठे? विधवांकडून घेतलं तिथे. विधवा तुरुंगाच्या दारापर्यंत येतात. बँकांकडून घेतलंत तर तुमच्याबरोबर त्यांचंही नाकातोंडात पाणी जातं आणि मग त्याच तुमच्या तब्येतीची चौकशी करतात.

पुढे १९०७ मध्ये बँकांतून पैसे काढायला लोकांची धावपळ झाली तेव्हा बडे बँकवाले जे. पी. मॉर्गन यांनी इतर बँकवाल्यांना आपल्या ग्रंथालयात बोलावलं, दाराला कुलूप घातलं आणि पहाटेपर्यंत पैसे कबूल करून घेतले. पण असा यजमान किती दिवस पुरणार? मॉर्गन १९१३ च्या मार्चमध्ये वारले, आणि त्याच डिसेंबरात फेडरल रिझर्व्हचा, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा ('फेड'), कायदा झाला. तेव्हापासून बुडणाऱ्यांची सोय कायमस्वरूपी.

आता १९२९ नीट वाचा, परीक्षेला हेच येतं. २४ ऑक्टोबर, गुरुवार. दुपारी दीडच्या सुमाराला न्यूयॉर्क शेअर बाजाराचे उपाध्यक्ष रिचर्ड व्हिटनी गर्दीतून शांतपणे चालत यूएस स्टीलचे सौदे व्हायचे तिथे गेले आणि २०५ च्या भावाने दहा हजार शेअर मागितले. भाव त्याहून खाली होता. पाठीशी मॉर्गनच्या पेढीचा आणि मोठ्या बँकांचा पैसा. लोकांना वाटलं, वाचलो. वाचले, वीकेंडपुरते. पुढच्या सोमवार-मंगळवारात डाऊ हा शेअर निर्देशांक सुमारे २३ टक्के उतरला. सप्टेंबरात ३८१ वर होता तो जुलै १९३२ मध्ये ४१ वर आला, आणि परत ३८१ दिसायला १९५४ साल उजाडलं. तुमचा सल्लागार 'लाँग टर्म धरून ठेवा' म्हणतो ना, ते हेच.

व्हिटनी बाजाराचे अध्यक्षही झाले. पण स्वतःचा पैसा सफरचंदाच्या दारूच्या कंपनीत अडकला आणि तो भागवायला हात घातला कशात, तर मयत सदस्यांच्या विधवा-मुलांसाठी ठेवलेल्या निधीत. पुन्हा विधवा! १९३८ मध्ये सिंग सिंग तुरुंग.

त्यापेक्षा अल्बर्ट विगिन यांचा कित्ता गिरवा. चेस बँकेचे हे प्रमुख. बाजार कोसळत असताना त्यांनी स्वतःच्याच बँकेचे शेअर, भाव पडेल या हिशेबाने, आधी विकून ठेवले आणि ४० लाख डॉलरवर कमावले. त्या वेळी हा गुन्हाच नव्हता. बँकेने तर त्यांना वर्षाला १ लाख डॉलरचं पेन्शन मंजूर केलं (बोंबाबोंब झाल्यावर त्यांनी ते सोडलं, एवढी अडचण सोसावी). नॅशनल सिटी बँकेच्या चार्ल्स मिचेल यांनी आपले शेअर तोट्यात बायकोला विकले आणि १९२९ चा आयकर शून्यावर आणला. घरात असा व्यवहार करायला बायकोवर किती विश्वास लागतो, बघा.

१९९८ मध्ये दोन नोबेलवाल्यांचा एक फंड बुडाला. फेडने मोठमोठ्या बँकांना एका खोलीत बसवलं, १४ जणांनी ३.६ अब्ज डॉलर घातले. पुन्हा तेच ग्रंथालय, कुलूप तेवढं नव्हतं.

२००८ मध्ये मात्र मुहूर्ताला महत्त्व आलं. मार्चमध्ये बुडायला आलेली बेअर स्टर्न्स ही गुंतवणूक बँक फेडच्या मदतीने जेपी मॉर्गन बँकेच्या पदरात पडली. १५८ वर्षांची तशीच बँक लेहमन ब्रदर्स दारात आली, तेव्हा सरकारला तत्त्वं आठवली आणि १५ सप्टेंबरला लेहमनचं दिवाळं निघालं. दुसऱ्याच दिवशी एआयजी या विमा कंपनीला ८५ अब्ज डॉलर. तत्त्वं एक दिवस टिकली, म्हणून तुमचा नंबर लागण्याआधी कोणाला तरी पुढे ढकला. ज्या विभागाने एआयजीला खड्ड्यात घातलं, त्याच्या लोकांना पुढच्या मार्चमध्ये १६.५ कोटी डॉलरचा बोनसही मिळाला. सिटीग्रुप या बँकेलाही ४५ अब्ज मिळाले. तिचे तेव्हाचे प्रमुख आपल्या नागपूरचे विक्रम पंडित. नफा होईपर्यंत वर्षाला १ डॉलर पगार घेईन, असं त्यांनी जाहीर केलं. आपला माणूस, काटकसर अंगात असतेच.

आणि ज्यांनी पगाराचा कागद न दाखवता कर्जावर घरं घेतली होती, त्यांचं काय? त्यांची घरं गेली. एकेकट्याने बुडले ना! सगळ्यांनी मिळून एकाच नावाने बुडायला हवं होतं, शक्यतो तीन अक्षरी.

मी आता टॉप-अप कर्जाचा अर्ज भरतोय. रकमेपुढे ८५ अब्ज लिहायला घेतले तर शून्यं रकान्यात मावेनात. बाईंना फोन लावला. म्हणाल्या, "एक मिनिट हं सर, मॅनेजरसाहेबांनाच देते."