नऊ हजार कमीच आहेत, पण आधी करार बघा

नमस्कार दादा,

एवढं सविस्तर आणि पोटतिडकीनं लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देते. पदवीनंतर घरी बसून कॉलची वाट बघण्यापेक्षा नाशकातच नोंदणीकृत अ‍ॅप्रेंटिसशिप घ्यावी, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की, मी कंपन्यांची वकिली करते, कर्ज काढून मेकॅनिकल शिकवलेल्या मुलाला महिना नऊ हजारांवर राबायला सांगते, आणि नाशकात आता काही उरलेलं नसताना मुलांना पुण्याला जाऊ द्यायचं सोडून इथं अडकवते.

नऊ हजारांत कुणाचं घर चालत नाही, हे मला मान्यच आहे. २०१९ च्या नियमांनी पदवीधर अ‍ॅप्रेंटिससाठी ती किमान रक्कम ठरवली होती. कंपनी जास्त देऊ शकते, आणि मुलानं मुलाखतीत जास्त मागायला लाजू नये. मात्र पिळवणूक जिथं होते ती जागा वेगळी आहे. माझा सगळा जीव त्या फरकासाठी तुटतो.

गेटवर बोलावून 'ट्रेनी' म्हणून घेतात. पत्र ठेकेदाराच्या नावाचं. पैसे कधी खात्यात, कधी हातात. बारा तास उभं राहून पॅकिंग किंवा मटेरिअल हलवणं, आणि वर्षानं 'अनुभव प्रमाणपत्र द्या' म्हटलं की टोलवाटोलवी. अशा मुलाच्या हातात वर्षाअखेरीस काहीच राहत नाही. नोंदणीकृत अ‍ॅप्रेंटिसशिप १९६१ च्या कायद्याखाली येते. पदवीधरांसाठी 'नॅट्स' नावाचं केंद्र सरकारचं पोर्टल आहे. तिथं कंपनी आणि उमेदवार यांचा करार नोंदला जातो, किमान विद्यावेतनातला अर्धा वाटा सरकार उचलतं आणि शेवटी सरकारी प्रमाणपत्र मिळतं. शिवाय कंपनी हे उपकार म्हणून करत नाही. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अ‍ॅप्रेंटिस घ्यावेच लागतात.

या व्यवस्थेत उणिवा आहेत, आणि त्या मुलांना आधीच माहीत हव्यात. करारात तसं लिहिलेलं नसेल तर वर्षानंतर कायम करण्याचं बंधन कंपनीवर नसतं. अ‍ॅप्रेंटिस कायद्यानं कामगार धरला जात नाही, त्यामुळे पीएफही कापला जात नाही. म्हणून हे वर्ष शिकण्यासाठीच वापरायचं. कंपनी कायम करेल या आशेवर दुसरीकडे अर्ज करणं थांबवायचं नाही.

तरीही मी अ‍ॅप्रेंटिसशिपच का सुचवते? इथं अंबडला कारखान्याच्या क्वालिटी विभागात काम करताना मी फ्रेशर्सच्या मुलाखतींना बसते. आम्ही मुलासमोर एक ड्रॉइंग आणि एक जॉब, म्हणजे मशीनवर बनवलेला भाग, ठेवतो. त्याच्या बोअरवर, म्हणजे आतल्या गोल छिद्रावर, वीस मायक्रॉनचा टॉलरन्स असतो, म्हणजे मापात तेवढाच फरक चालतो. विचारतो, हे कशानं मोजशील? परीक्षेत उत्तम गुण असलेली मुलं बिनधास्त व्हर्निअर उचलतात. त्याचं लीस्ट काउंटच, म्हणजे त्यानं मोजता येणारं सगळ्यात लहान माप, वीस मायक्रॉन, मग त्यानं काय कळणार? वर्षभर शॉपफ्लोअरवर राहिलेला मुलगा छिद्राचं आतलं माप घेणारं बोअर गेज मागतो आणि आधी त्याचं सेटिंग तपासतो. त्याला 'रिजेक्शन का वाढलं?' विचारा, तो मशीन, टूल, मटेरिअल, शिफ्ट असा एकेक धागा उलगडत जातो. पदवीनंतर दोन वर्षं नुसत्या परीक्षा देत बसलेला हुशार मुलगा इथं गप्प होतो. त्याचा उतरलेला चेहरा बघवत नाही. त्याच्यात काही कमी नसतं, त्याच्या हातात कुणी जॉब दिलेला नसतो एवढंच.

पुण्याबद्दल. हातात ऑफर असेल तर जरूर जावं. तुमचा मुलगा कॉम्प्युटरचा असता तर मीही पुणंच म्हटलं असतं, कारण त्या क्षेत्रात नाशिक अजून लहान आहे. पण मेकॅनिकल, इलेक्ट्रिकलच्या मुलासाठी सातपूर, अंबड, गोंदे, सिन्नर हा कारखान्यांचा पट्टा मोठा आहे. गाड्यांचे सुटे भाग आहेत, स्विचगिअर आहे, ओझरला विमानांचा कारखाना आहे. ऑफर नसताना पुण्याजवळ चाकणला खोली आणि मेसचे पैसे घरून पाठवत राहायचे, त्यापेक्षा घरी जेवून, कंपनीच्या बसनं जाऊन शिकणं मला परवडणारं वाटतं. कर्जाचा हप्ता सुरू झालेल्या घराला तर नक्कीच.

आता तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय ते. मुलाला सिन्नरच्या एका ठेकेदाराचं ट्रेनीचं पत्र आलंय आणि सोमवारी मूळ मार्कशीट जमा करायला सांगितलंय. मूळ कागद देऊ नका. दाखवायला घेऊन जाऊ दे, पण जमा फक्त झेरॉक्स. त्याला चार गोष्टी विचारायला सांगा: नॅट्सवर करार होणार का, विभाग कोणता, पैसे त्याच्याच खात्यात येणार का, आणि मध्येच सोडलं तर बाँडची रक्कम किती. पहिल्याच प्रश्नाला 'ते नंतर बघू' असं उत्तर आलं तर त्यानं तिथं सही न करता परत यावं. नॅट्सवर स्वतःची नोंदणी त्याला आज रात्रीसुद्धा करता येईल, त्याला कुणा एजंटची गरज नाही.