कॉर्व्हेट गंजत नाही म्हणे!

अमेरिकेत जुनी शेव्हरोले कॉर्व्हेट ही स्पोर्ट्स कार घ्यायला निघालेल्या माणसाला एक उपदेश हमखास ऐकावा लागतो. बॉडी फायबरग्लासची, त्यामुळे गंजाची भानगड नाही. इंजिन साधं, घरच्या घरी दुरुस्त होतं. फक्त 1971 नंतरची घेऊ नका, प्रदूषणाच्या सरकारी नियमांनी त्या इंजिनांचा जीव काढला. इंजिनावरचा नंबर गाडीच्या नंबराशी जुळतोय एवढं बघा आणि गाडी आणून गॅरेजमध्ये उभी करा, किंमत आपोआप वाढेल. यातलं काहीच धडधडीत खोटं नाही, म्हणून माणसं फसतात.

आधी गंज. फायबरग्लास गंजत नाही हे खरं, पण ते गंज टाळण्यासाठी निवडलेलंच नव्हतं. 1953 मध्ये फ्लिंटच्या कारखान्यात पहिल्या 300 गाड्या बऱ्याचशा हातानेच जोडल्या गेल्या. एवढ्याशा गाड्यांसाठी पत्रा दाबायचे महागडे साचे कोण बनवणार? बरं, ही बॉडी बसते लोखंडी चासीवर, म्हणजे खालच्या चौकटीवर. शिवाय 1963 च्या स्टिंग रे मॉडेलपासून बॉडीच्या आत, काचेभोवती आणि दरवाजांच्या खांबांत, पोलादी सांगाडा आहे. त्याला जाणकार बर्डकेज म्हणतात, म्हणजे पक्ष्याचा पिंजरा. काचेचं रबर म्हातारं झालं की पाणी नेमकं याच पिंजऱ्यात उतरतं. मिशिगन-ओहायोकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते खालून चासीत जातं आणि मागच्या चाकांच्या पुढे, जिथे चासी वर वळते, तिथे चिखलाबरोबर साचून राहतं.

पत्र्याची गाडी गंजली की फोड येतात, भोकं पडतात, ती निदान ओरडून तरी सांगते. कॉर्व्हेट सांगत नाही. वरून कीर्तन, आतून तमाशा! जुनी गाडी बघायला जाताना लोक खिशात लोहचुंबक ठेवतात, पुटी कुठे भरलीय ते कळावं म्हणून. इथे ते बॉडीवर फिरवून काय कळणार? ते चासीला लावा. डॅशबोर्डखाली, पायांच्या बाजूला जी छोटी पॅनेलं असतात ती काढा आणि टॉर्च मारून खांबाचा तळ बघा. स्क्रू ड्रायव्हरचं टोक रुतलं तर हात जोडून घरी या. मालक पॅनेलं काढू देत नसेल तरीही घरीच या. चासी बदलता येते, बॉडी बोल्ट काढून उचलता येते, पण पिंजरा सडला असेल तर तो खर्च म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

आता "जीव काढला" हा आरोप. पुरावा म्हणून नेहमी एलटी-1 या इंजिनाचे आकडे दिले जातात: 1970 मध्ये 370 अश्वशक्ती, 1972 मध्ये 255. म्हणजे 115 घोडे गायब. पण मधलं 1971 साल कुणी बघतच नाही. त्या वर्षी कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर चालावं म्हणून शेव्हरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्सने कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण, 11 वरून 9 वर आणलं आणि आकडा 330 झाला. हे 40 घोडे खरोखरच गेले. पण त्याच वर्षी त्याच इंजिनाचे दोन आकडे दिले गेले: जुन्या पद्धतीने 330, नव्या पद्धतीने 275. जुन्या पद्धतीत इंजिन चाचणीच्या बाकावर मोकळं चालवत, ना एअर फिल्टर, ना गाडीचा सायलेन्सर. नव्या पद्धतीत गाडीत असतं तसं सगळं जोडून मोजायला लागले. म्हणजे 115 पैकी 55 घोडे नुसत्या मोजमापात गेले, रस्त्यावर ते कधी नव्हतेच. खरी घसरण नंतरची. 1975 ला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला आणि साध्या इंजिनाचा आकडा 165 वर पोचला, तिथे मी वाद घालणार नाही. पण त्या पापासाठी 1972 ची गाडी नाकारणं हा त्या गाडीवर अन्याय आहे, आणि घेणाऱ्याच्या खिशावरही.

इंजिन साधं आहे, मान्य. पण बाकीची गाडी साधी नाही. 1968 ते 1982 च्या गाड्यांचे उघडझाप करणारे हेडलाइट व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिनाने ओढलेल्या हवेच्या जोरावर, चालतात. कुठे एक रबरी नळी चिरली की गाडी एक डोळा मिटूनच बसते. फायबरग्लासमधून वीज जात नाही, त्यामुळे दिव्यांना अर्थिंगच्या वेगळ्या तारा लागतात. त्यातली एक सैल झाली की माणूस उगाच बल्ब बदलत बसतो.

नंबराचं थोडक्यात. तो इंजिनाच्या ब्लॉकवर, म्हणजे मुख्य ओतीव भागावर, उजव्या सिलिंडर हेडच्या पुढच्या छोट्या सपाट जागेवर ठोकलेला असतो. इंजिन उघडून ब्लॉकचा वरचा भाग घासला की तो पुसला जातो, आणि पुसलेला नंबर पुन्हा ठोकणारे कलाकार कमी नाहीत. म्हणून जाणकार आकड्यांआधी त्या जागेवर कारखान्यातल्या यंत्राचे बारीक ओरखडे आहेत का ते बघतात.

राहिलं गाडी उभी करून श्रीमंत होणं. 1965 ते 1982 च्या गाड्यांत चारही डिस्क ब्रेकचे कॅलिपर, म्हणजे चकतीला चिमटीत धरणारे भाग, ओतीव लोखंडाचे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, उभ्या गाडीत आतून खड्डे पडतात आणि सील गळायला लागतात. आतून स्टेनलेस स्टीलचं अस्तर घातलेले कॅलिपर बाजारात आले ते याच दुखण्यामुळे. आणि किमतीचं म्हणाल तर 1978 ची काळी-चंदेरी इंडी पेस कार आठवा, म्हणजे इंडियानापोलिसच्या शर्यतीत सुरुवातीला पुढे धावणाऱ्या गाडीची विक्रीसाठी काढलेली नक्कल. तब्बल 6,502 बनवल्या. छापील किंमत 13,653 डॉलर असताना लोकांनी कितीतरी जास्त मोजले आणि मुलांच्या शिक्षणाची सोय झाली म्हणून झाकून ठेवल्या. सगळ्यांनीच झाकून ठेवल्यावर दुर्मीळ काय राहिलं? अगदी थोडे मैल चाललेल्या त्या गाड्या आजही लिलावात दिसतात. "टायरसुद्धा मूळचेच" असं विकणारा कौतुकाने सांगतो, आणि घेणाऱ्याला ती ट्रेलरवर घालून घरी न्यावी लागते.