मेक्सिकोचा ‘दीआ दे मुएर्तोस’ म्हणजे हॅलोविन नव्हे

ऑक्टोबर संपत आला की रंगवलेल्या कवट्यांचे फोटो फिरू लागतात. खाली ठरलेला मजकूर: ‘हा मेक्सिकोचा हॅलोविन. भुतांना पळवून लावण्यासाठी अझ्टेक काळापासून अशीच मिरवणूक निघते.’ यातलं जवळपास काहीच खरं नाही, आणि ‘दीआ दे मुएर्तोस’ म्हणजे ‘मृतांचा दिवस’ या मायेच्या सणाचं पार भूतनाट्य करून टाकलंय याचं मला वाईट वाटतं.

‘मेक्सिकोचा हॅलोविन’: हॅलोविन ३१ ऑक्टोबरचा, आयर्लंड-स्कॉटलंडहून गेलेल्या लोकांबरोबर अमेरिकेत रुजलेला. मेक्सिकोत मुख्य दिवस १ आणि २ नोव्हेंबर. तारखा लागून येतात त्या चर्चच्या पंचांगामुळे. १ तारीख सर्व संतांची, २ तारीख सर्व मृतांची. वसईत, गोव्यातही २ नोव्हेंबरला ख्रिस्ती कुटुंबं कबरींवर फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. त्याला कुणी हॅलोविन म्हणतं का?

‘भुतांना पळवण्यासाठी’: उलट, इथे गेलेल्यांना घरी बोलावतात. १ तारखेला लहानपणीच गेलेली मुलं येतात, २ तारखेला मोठी माणसं, अशी समजूत. घरात ‘ओफ्रेंदा’ मांडतात: फोटो, मेणबत्त्या, मीठ, लांबून आलेल्याची तहान भागावी म्हणून पेलाभर पाणी, कोपाल नावाच्या राळेचा धूप, वर पिठाचीच हाडं लावून भाजलेला गोड पाव. आजोबांना मेस्काल ही तिकडची दारू आवडायची, तर तीही. दारापासून तिथपर्यंत झेंडूच्या पाकळ्या पसरतात. वासाच्या मागावर ते घरी पोचतात म्हणे. पितृपक्षात वडिलांच्या आवडीची भाजी आठवणीनं करणाऱ्या घरांना हे वेगळं समजवायला नको. आणि झेंडू तर मूळचा मेक्सिकोकडचाच, आपल्या दसऱ्याच्या तोरणात तो नंतर आला.

‘अझ्टेक काळापासून’: स्पॅनिश लोक येण्याआधीच्या त्या काळातही मृतांसाठीचे विधी होते, तो धागा खरा. पण आजच्या रूपात कॅथलिक रिवाज पुरते मिसळलेत. फोटोतली ती मोठ्या टोपीची कवटी, ‘कात्रिना’, तर मेक्सिकन चित्रकार होसे ग्वादालूपे पोसादा यांनी १९१०च्या सुमारास युरोपी थाट मिरवणाऱ्यांवर काढलेलं व्यंगचित्र. पुढे तिथलेच चित्रकार दिएगो रिवेरा यांनी १९४७च्या भित्तिचित्रात तिला पायघोळ पोशाख दिला.

‘अशीच मिरवणूक’: मेक्सिको सिटीतली ही भव्य मिरवणूक २०१६ साली सुरू झाली. आदल्या वर्षीच्या जेम्स बाँडपटात तशी काल्पनिक मिरवणूक दाखवली होती, त्यावरून ती सुचली. युनेस्कोनं मेक्सिकोच्या या प्रथेची वारसा यादीत नोंद केली २००८ साली, तेव्हा ही मिरवणूक नव्हतीच.