जकातीचं भांडण खरं, पण युद्ध त्यावरून झालं नाही

अमेरिकेतल्या उत्तर आणि दक्षिण राज्यांमधलं १८६१ चं यादवी युद्ध जकात (आयात मालावरचं शुल्क) आणि राज्यांच्या हक्कांवरून पेटलं, गुलामगिरी नुसतं निमित्त, असं ठामपणे सांगणाऱ्या पोस्टी हल्ली मराठीतही फिरतात. संताप येतो. अमेरिकेत गुलामांची सुटका करणाऱ्यांना जोतीरावांनी १८७३ मध्ये आपली ‘गुलामगिरी’ अर्पण केली, त्या महाराष्ट्रात तरी हे खपवून घेऊ नये, म्हणून लिहितेय.

जकातीवरून रान पेटलं होतं, हे खरंच आहे. १८२८ च्या कायद्याने आयात मालावर जबर शुल्क बसलं. उत्तरेतल्या कारखानदारांचं फावलं आणि कापूस विकून बाहेरचा माल घेणाऱ्या दक्षिणेला तो माल महागात पडू लागला. नोव्हेंबर १८३२ मध्ये दक्षिणेतल्या साउथ कॅरोलिना राज्याने ठरावच केला की हे जकात कायदे आमच्या राज्यात रद्दबातल. अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन स्वतः दक्षिणेतले, गुलामांचे मालक, तरी ते फौज वापरायला तयार झाले. शेवटी सिनेटर हेन्री क्ले यांनी शुल्क टप्प्याटप्प्याने उतरवायची तडजोड काढली आणि प्रकरण मिटलं. जकातीवर तोडगा निघू शकत होता, निघालाही. या बंडाचे विचारवंत जॉन कॅल्हून यांनी तर १८३० मध्येच एका खासगी पत्रात लिहून ठेवलं होतं की जकात हे निमित्त आहे, खरं कारण नाही.

आता साउथ कॅरोलिनाने २४ डिसेंबर १८६० ला अमेरिकेच्या संघराज्यातून फुटून निघण्याची कारणं सांगणारा जो जाहीरनामा मंजूर केला, तो वाचा. इंटरनेटवर सहज मिळतो. जकातीची तक्रार त्यात शोधून सापडत नाही. तक्रार आहे ती पळालेले गुलाम परत न करणाऱ्या राज्यांची. मेन, व्हर्मॉन्ट, मॅसॅच्युसेट्स अशी नावं घेत यादीच दिलीय. न्यूयॉर्कवर राग का? तर तिथून गुलामांना घेऊन नुसतं जायचीही मुभा उरली नाही म्हणून! न्यूयॉर्कने आपल्या हद्दीत आपला कायदा चालवला, तो राज्याचा हक्क नव्हता का?

‘आयात शुल्क वाढवणाऱ्या मॉरिल जकात कायद्यामुळे राज्यं फुटली’ म्हणणाऱ्यांनी तारखा तरी बघाव्यात. त्यावर सही झाली २ मार्च १८६१ ला. तोवर सात राज्यं बाहेर पडली होती. आणि या राज्यांनी त्याच महिन्यात जी नवी राज्यघटना मंजूर केली, तिच्यात गुलामांवरच्या मालकीहक्काला बाध आणणारा कायदा करायलाच बंदी घातली होती.