जीपला लागलेली धाप

जीपखाली ऑईलचा डाग पडला की तो बघायला वाकावं लागतं, आणि सोलापुरात रस्त्याच्या कडेला कुणी वाकलेलं दिसलं की तिथं चौघं थांबतात. "काय पडलं वो?" हा पहिला प्रश्न. "काही नाही, ऑईल," म्हटल्यावर माणसानं आपल्या वाटेनं जावं की नाही? पण तो स्कूटर स्टँडवर लावतो, पँट गुडघ्याशी वर ओढतो आणि शेजारी उकिडवा बसतो. मग डागात बोट बुडवून, चोळून, वास घेऊन निकाल देतो. तोवर दुसरा येऊन बसलेला असतो.

माझी जीप 1990च्या दशकातली, डिझेलवरची. तिच्या बरोबरीच्या बहुतेक जीपा वडाप करून करून भंगारात गेल्या. ही पंढरपूरकडच्या एका द्राक्षबागायतदाराकडं होती म्हणून वाचली. इंजिन गळतं हे घेतानाच माहीत होतं. कुठून गळतं, हा प्रश्न मात्र गल्लीनं परस्पर आपल्याकडं घेतला.

शेजारच्या आण्णांचे यंत्रमाग आहेत. त्यांचं म्हणणं, "मागाला रोज ऑईल घालतो, रोज गळतं. कुठून जातंय ते शोधत बसलो तर टॉवेल कधी विणायचा मालक?" समोरचे काका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांच्याकडं एकच औषध, फुल इंजिन, म्हणजे सगळं खोलून नव्यानं बांधायचं. हॉर्न वाजत नाही म्हटलं तरी ते आधी इंजिन उतरवायचं म्हणतील. कोपऱ्यावरच्या पोरांत दोन पक्ष पडले. "चेंबरचं पॅकिंग गेलंय बे." "पॅकिंग नाही बे, सील." ही पोरं महिनोन्‌महिने त्या एका डागावर एकमत न होता एकत्र राहिली, याचं मला कौतुक वाटतं.

आणि मग आले बायकोचे मामा.

मामांचा मुख्य गुण म्हणजे ते बोलत नाहीत, करतात. मी आंघोळीला गेलो होतो. बाहेर येऊन बघतो तर बोनेट उघडं आणि मामा कोपरापर्यंत काळे. "जावईबापू, सापडलं बघा," म्हणाले. टॅपेट कव्हरवरून, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणावरून, निघून खाली चाकाकडं जाणाऱ्या रबरी पायपाचं तोंड ऑईलनं थबथबलं होतं. हा ब्रीदरचा पाईप. त्यांचं निदान शंभर टक्के बरोबर होतं, हे मी आजही मान्य करतो. उपचार ते करून मोकळे झाले होते. जुन्या सोलापुरी टॉवेलची पट्टी फाडून, गुंडाळी करून त्यांनी पायपात कोंबली होती आणि वरून सुतळी आवळली होती. "पाण्याची बादली पितो हा टॉवेल, ऑईलचं काय घेऊन बसलात!"

आता हा ब्रीदर कशासाठी असतो ते सांगायला हवं, कारण मामांना ते सांगायची हिंमत घरात कुणाचीच नाही. सिलिंडरमध्ये स्फोट झाला की बहुतेक वायू पिस्टनला खाली ढकलतो, पण थोडासा पिस्टनभोवतीच्या रिंगांच्या फटीतून निसटून खाली चेंबरमध्ये, म्हणजे तळाच्या ऑईलच्या टाकीत, उतरतो. नव्या कोऱ्या इंजिनातही उतरतो. जुन्यात जास्त. मेस्त्री लोक याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. या वायूला बाहेर जायला वाट हवी, ती वाट म्हणजे ब्रीदर. सोबत ऑईलचे बारीक थेंब जाऊ नयेत म्हणून टॅपेट कव्हरच्या आत एक पत्रा आणि तारेची जाळी असते. थेंब तिथं अडकायचे आणि एका छोट्या भोकातून परत खाली पडायचे. वाट बंद केली की आतला दाब वाढत जातो आणि इंजिनात जिथं जिथं कच्चा दुवा असेल तिथून बाहेर पडतो.

आमचा कच्चा दुवा तुळजापूरच्या घाटात कळला.

मंगळवार होता, देवीला निघालो होतो. सपाटीवर जीप शहाण्यासारखी चालली. मामा पुढच्या सीटवर बसून दर पाच-दहा मिनिटांनी, "ठिबकत नाही ना?" असं विचारत होते, धावत्या गाडीतून ते कुणी कसं बघणार, देव जाणे. घाटाला लागलो, गिअर खाली आला, इंजिनावर ताण पडला आणि आत ठक्क असा आवाज झाला. मागोमाग जळक्या ऑईलचा धूर. बोनेट उघडलं. डिपस्टिक, म्हणजे ऑईल मोजायची पट्टी, आपल्या नळीतून उडून बोनेटला आतून आदळली होती आणि मोकळ्या नळीतून ऑईलचा फवारा बॅटरी, डायनॅमो, वायरिंग, सगळ्यावर समान न्यायानं पडला होता. खाली वाकून बघितलं तर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातूनही धार. म्हणजे मागचं सीलही गेलं. बायको काही बोलली नाही, हे सगळ्यात वाईट. मामांनी खिशातून चष्मा काढून ब्रीदर नीट तपासला आणि म्हणाले, "पण हे कोरडं आहे की!"

आमचे मेस्त्री अक्कलकोट रोडच्या बाजूला असतात. त्यांनी सुतळी तोडली, पट्टी ओढून काढली, उजेडात धरून बघितली. "चांगला टॉवेल होता," एवढंच बोलले. मग म्हणाले, "मालक, आधी इंजिन धुऊन आणा. ह्या राड्यात मला काय दिसणार?"

इंजिन धुऊन आणा! नळाला रोज पाणी येणाऱ्या गावातली माणसं असलं बोलू शकतात. आमच्याकडं मधले दिवस मोजत पाण्याची वाट बघायची आणि आलं की घरातलं प्रत्येक पिंप, घागर, कुकरसुद्धा भरून ठेवायचा. त्या पाण्यात जीपचं इंजिन धुऊ का, हे बायकोला विचारायचं धाडस मी घाटातल्या प्रकारानंतर करणार नव्हतो. डिझेल आणि ब्रशनं घासलं, आण्णांच्या बोअरच्या पाण्यानं खळबळलं. मेस्त्रींची पुढची मागणी होती टाल्कम पावडर. ती मात्र घरातूनच गेली. सगळ्या सांध्यांवर, कव्हरच्या कडेनं, चेंबरच्या पॅकिंगवर पावडर भुरभुरली, आणि चंदनाचा वास सोडत आम्ही सात रस्त्यावरून विजापूर रोडनं सैफुलपर्यंत जाऊन आलो.

ही युक्ती साधी आणि फार गुणाची आहे. ऑईल गळतं वरून, ओघळतं खाली, वारा त्याला मागं नेतो, आणि डाग पडतो तो भलतीकडंच. पावडरीवर मात्र ओलाव्याची रेघ उमटते आणि ती कुठून सुरू झाली ते दिसतं. आमच्या चेंबरच्या पॅकिंगवर पावडर कोरडी ठक्क. कोपऱ्यावरचा एक पक्ष तिथंच संपला. सीलवाले जिंकल्याच्या आनंदात होते; सील मामांनी घालवलं, आधी ठीक होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. मूळ रेघ ब्रीदरच्या तोंडापासूनच निघाली होती.

आता प्रश्न एवढाच, की ब्रीदर ऑईल का फेकतो? काकांचं फुल इंजिन इथं दबा धरून बसलं होतं. मेस्त्रींनी इंजिन चालू ठेवून ऑईल टाकायचं झाकण काढलं आणि उलटं करून त्याच भोकावर नुसतं ठेवलं. झाकण थरथरलं, जरा सरकलं, पण जागा सोडली नाही. "उडालं असतं तर रिंगा गेल्या म्हणायच्या. हे नुसतं नाचतंय." नंतर गेज लावून कॉम्प्रेशनही, म्हणजे सिलिंडरमधला दाबही, बघितलं. चारी सिलिंडर साडेतीनशे पीएसआयच्या वर आणि एकमेकांच्या जवळपास, म्हणजे रिंगा ठीक. काकांना ही बातमी मी जरा जपूनच दिली. ते खचले नाहीत. "मग ब्रीदरचा पाईप एअर क्लीनरला जोड, ऑईल आतच जळून जाईल!"

कल्पना अगदीच टाकाऊ नाही. अमेरिकेत 1960च्या दशकाच्या सुरुवातीपासून ब्रीदरचा वायू परत इंजिनात सोडायला लागले आणि आजच्या गाड्यांत तसंच असतं. पण ऑईल फेकणाऱ्या जुन्या डिझेल इंजिनाला असं जोडणं म्हणजे त्याला स्वतःचंच ऑईल पाजणं. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. एकदा ते ऑईलवर सुटलं की डिझेल बंद करा, चावी काढून घ्या, ते आपलं वेग वाढवत राहतं. हवा कोंडली किंवा टॉप गिअरमध्ये क्लच सोडून बंद पाडलं, तरच थांबतं.

शेवटी टॅपेट कव्हर उघडलं. आतली जाळी काळ्या गाळानं गच्च, आणि ऑईल परत खाली सोडणारं ते भोक पार बुजलेलं. थेंब अडकत होते, साचत होते आणि वायूच्या झोतासरशी पायपाबाहेर जात होते. पाईपही आतून फुगून अरुंद झालेला. वर आणि ऑईलची पातळी वरच्या खुणेच्या पुष्कळ पुढं. आमची गल्ली उताराची, तिथं डिपस्टिक नेहमी ऑईल कमीच दाखवते. आणि पंपावरच्या पोरापासून काकांपर्यंत जो तो, "गळतंय ना, मग टाका की थोडं," म्हणत भर घालत गेलेला. जास्तीचं ऑईल क्रँक, म्हणजे इंजिनाचा फिरता दांडा, घुसळतो, फेस होतो आणि तो ब्रीदरकडं धावतो. सपाट जागी, इंजिन बंद करून थोडा वेळ थांबून मोजायचं, एवढंच पथ्य.

जाळी डिझेलमध्ये धुतली, हवा मारली, भोकात तार घातली, नवा पाईप आणि नवं पॅकिंग बसवलं, ऑईल दोन खुणांच्या मध्ये आणलं. या सगळ्याचं बिल किरकोळ. मागच्या सीलसाठी मात्र गिअरबॉक्स उतरवावा लागला आणि ऑईलनं भिजलेली क्लच प्लेटही गेली. तो आकडा मी घरात अजून सांगितलेला नाही.

ब्रीदरच्या तोंडाशी अजूनही ओलसरपणा येतो. तेवढं चालायचंच, असं मेस्त्री म्हणतात. डाग पडत नाही, त्यामुळं कोपऱ्यावरची पोरं आता आण्णांच्या टेम्पोखाली वाकतात.

परवा भाच्याच्या लग्नात कार्यालयाबाहेर कुणाच्या तरी जुन्या गाडीभोवती चौघं उकिडवे बसलेले दिसले. मी लांबूनच वळणार होतो, तेवढ्यात त्यांतले एक उठून माझ्याकडं आले. बाह्या सरसावलेल्या, नवा फेटा मागं सरकलेला.

"जावईबापू," मामा म्हणाले, "आहेरात एखादा टॉवेल आला असेल तर बघा की."