आईजवळचं पोस्टिंग

विषय बंड्याच्या भाच्याचा. पोरगा अमेरिकेच्या आर्मीत, टेक्सासात फोर्ट ब्लिसला. आई इकडे एकटी आणि गुडघ्यांनी बेजार.

"तिच्या जवळपास कुठेतरी पोस्टिंग मागतोय," बंड्या म्हणाला.

सरांनी चष्मा कपाळावर ढकलला. मोठं काही सांगायचं असलं की सर चष्मा वर करतात. मग त्यांना समोरचं कोणीच दिसत नाही. "सोपं आहे. दिएगो गार्सिया! हिंदी महासागरातच तळ आहे त्यांचा. नकाशा बघा जरा."

"सर," सुभेदार म्हणाले, "ज्या बेटावरून मूळच्या माणसांना १९६८ ते १९७३ मध्ये हुसकावून लावलं, तिथं याच्या बहिणीला घेतील होय? तिथं सैनिकांनासुद्धा बायकापोरं नेता येत नाहीत."

"मग बहारीन?"

"तिथं आरमार आहे, पाचवं. पोरगा रणगाड्यावर. रणगाडा पाण्यात घालायचा का?"

सर गप्प बसतील तर ते सर कसले! पण सुभेदारांनी त्यांना बोलूच दिलं नाही, आणि बरंच केलं. भारतात अमेरिकेचा तळच नाही. दिल्लीच्या वकिलातीत लष्कराच्या मोजक्या खुर्च्या, त्यात रणगाडेवाल्याला कोण बसवणार? पसंती कळवता येते, पण माणूस जातो तो त्याच्या ट्रेडची, म्हणजे त्याच्या कामाची, जागा रिकामी असेल तिथं. फौज कुठलीही असो.

"पण अनुकंपेवर?" बंड्यानं विचारलं. "आजारपण आहे की."

"आहे ना सोय, कंपॅशनेट रीअसाइनमेंट. पण अडचण वर्षभरात मिटणारी पाहिजे. कायमची असेल तर बदली नाही. नोकरी सोडायचा अर्ज कर म्हणतात."

"म्हणजे आईनं वर्षात बरं व्हायचं, नाहीतर..."

"नाहीतर जायचं. मरायला टेकलेली आई नियमात बसते. नुसती म्हातारी बसत नाही."

हे मात्र सगळ्यांनाच लागलं. सर सोडून.

"नियम म्हणजे नियम!" सर कडाडले. "प्रत्येकाला आईच्या पदराखाली ठेवलं तर लढणार कोण?"

"तुमची नदीपलीकडच्या कॉलेजात बदली झाली तेव्हा कोर्टातून स्टे कोणी आणला होता हो?"

"ते तत्त्वासाठी होतं!"

"पूल होता, सर. बस जात होती."

चिडलेल्या सरांनी मोर्चा बंड्याकडे वळवला. "हा काय बोलतो? बँकेतून बदली मिळावी म्हणून यानं आईला पक्षाघात झाल्याचं लिहून दिलं होतं. त्याच आठवड्यात काकू मंगळागौरीला फुगड्या घालत होत्या! मॅनेजरच्या बायकोबरोबर!"

यावर पाच मिनिटं कोणालाच बोलता येईना. बंड्या "अहो, सौम्य झटका होता" असं काहीतरी म्हणत होता, पण ऐकतो कोण.

"बरं, भाच्याला सांगू तरी काय?"

"रजा साठवायला सांग," सुभेदार डोळे पुसत म्हणाले. "वर्षाला तीस दिवस मिळतात त्यांना. आणि खरंच काही गंभीर झालं तर आधी रेड क्रॉसला कळव. ते खातरजमा करून त्याच्या कमांडरला निरोप देतात, मग रजा लवकर सुटते."

"आणि अनुकंपेचा अर्ज?"

"तो त्याचा त्याला लिहू दे. तू लिहिलास तर ताई उद्याच फुगडी घालतील."